तगादा दारात, नाव कुणाचं?

(कारंजा (घाडगे) इथे तालुक्यातल्या बचतगटांच्या आणि महिला मंडळांच्या एका बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता 'स्त्रिया आणि कायदा'. हुंडा, मारहाण, पोटगी यांवर आपण इथे पुष्कळदा बोललो आहोत आणि पुढेही बोलावं लागणार आहे. पण आज मी एका साध्या कागदाबद्दल बोलणार आहे. तो तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरी आलेला आहे. कुणी तो देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला असेल, कुणी पेटीत. घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीची नोटीस.

दोनेक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. तिचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. थोडी कोरडवाहू जमीन, दोन लेकरं, आणि दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात मजुरी. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं एक नोटीस काढली. वर लिहिलं होतं 'राष्ट्रीय लोक अदालत', त्याखाली 'वादपूर्व प्रकरण', मग तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव, रक्कम आणि तारीख. ती मला म्हणाली, "ताई, पोलीस येतीन का? घर जप्त करतीन का हो?"

मी तेव्हा काय केलं ते खरं सांगते. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, त्यावर पुन्हा एम. एस. डब्ल्यू. केलेलं. कायद्याचा पेपर पास झालेली. आणि मी तिला म्हटलं, "कर आहे बाई, भरावाच लागतो. जमेल तसा भर." मी तो कागद नीट वाचलासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी कळलं की तिनं डोरलं गहाण ठेवलं आणि वसुलीला आलेल्या माणसाच्या हातात पैसे दिले. पावती? "नंतर देतो" म्हणाला. पुढच्या मागणीत ती रक्कम कुठेच वजा झालेली नव्हती.

त्या डोरल्याचं ओझं माझ्यावर आहे. म्हणून त्यानंतर मी वाचायला बसले, वकिलांना विचारलं, कचेऱ्यांत गेले. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कर बुडवा, असं मी सांगायला आलेली नाही. गावचा दिवा, नळ, नाली त्या पैशातूनच होते, आणि नळाला पाणी आलं नाही तर गुंडी घेऊन मैलभर आपल्यालाच जावं लागतं. देणं असेल ते द्यायचं. पण किती देणं आहे, कुणाचं आहे, कशाचं आहे, हे विचारून द्यायचं. आणि विचारताना आपल्याला वकील मिळतो. फुकट मिळतो. बाई आहोत म्हणून मिळतो. एवढंच मला आज सांगायचं आहे; बाकीचं सगळं त्याच्यासाठी.

कागदावर कुणाचं नाव आहे?

नोटीस हातात आली की पहिल्यांदा नाव पाहा. दहापैकी बहुतेक वेळा ते नवऱ्याचं, सासऱ्याचं, कधीकधी आजेसासऱ्याचंही असतं. म्हणजे घर त्यांच्या नावावर, पण तगादा कुणाच्या दारात? दुपारी घरी कोण असतं? शिपाई आला की पदर सावरून ओसरीत कोण येतं? कमाई नाही, मालकी नाही, पण उत्तर मात्र बाईनं द्यायचं.

कायद्यालासुद्धा बाई दिसायला वेळ लागला. कोर्टाचा समन्स घरी घेऊन आला आणि माणूस सापडला नाही, तर तो घरातल्या सज्ञान 'पुरुषा'कडे द्यावा, असा दिवाणी प्रक्रिया संहितेत नियम होता. १९७६ च्या दुरुस्तीनं तिथे 'स्त्री असो वा पुरुष' असं आलं. कागद घेण्याइतकी आपली किंमत ठरायला १९७६ साल उजाडावं लागलं!

आता, नवरा वारला आणि बाकी त्याच्या नावावर आहे, तर ती कुणाची? घरपट्टीचा बोजा घरावर असतो. घर वारशानं आपल्याकडे आलं तर त्याची बाकीही त्याच्याबरोबर येते. पण मेलेल्या माणसाचं देणं वारसाकडून वसूल करायचं ते त्यानं मागे ठेवलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. आणि हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको एकटी नसते; मुलगे, मुली आणि त्याची आईसुद्धा असते. म्हणजे हक्काला सगळे वाटेकरी आणि बाकी भरायला एकटी सून, हे चालणार नाही. दीर घरात हिस्सा सांगतो ना? मग बाकीतही हिस्सा दे म्हणावं.

कागद कोणत्या पायरीचा आहे?

घाबरवणारा प्रत्येक कागद सारखाच दिसतो. पण कायद्यात पायऱ्या आहेत, आणि एक पायरी सोडून दुसरीवर उडी मारता येत नाही.

आपल्या तालुक्यात दोन कायदे चालतात. खेड्यांत ग्रामपंचायत आहे. तिथे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. कारंजा गावात नगरपंचायत आहे. इथे नगरपरिषदा-नगरपंचायतींचा १९६५ चा कायदा. म्हणून मोठ्या बहिणीचं कारंज्यातलं आणि धाकटीचं खेड्यातलं प्रकरण एकाच मापानं मोजू नका.

ग्रामपंचायतीनं आधी बिल द्यायचं, भरण्याची तारीख घालून. त्या तारखेपर्यंत भरलं नाही तर मागणीचा लेखी हुकूम बजावायचा. तो मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर मग चीजवस्तूची जप्ती. हे सगळं कलम १२९ मध्ये आहे. त्यातूनही वसुली झाली नाही तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्याकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. नगरपंचायतीतही असंच: बिल, पंधरा दिवस, मागणीची नोटीस, पंधरा दिवस, मग वॉरंट. शिवाय तिथे थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस. म्हणून नगरपंचायतीचा कागद पेटीत ठेवून देणं महागात पडतं. ही शास्ती माफ करण्याच्या योजना सरकार मधूनमधून काढतं. तेव्हा भरण्याआधी 'सध्या काही सूट आहे का' हे कचेरीत विचारायला विसरू नका.

म्हणून दारात आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे. हे बिल आहे, मागणी आहे की वॉरंट? यावर सही कुणाची? आणि मला याची प्रत देता का? एवढे तीन प्रश्न विचारले की आवाज आपोआप खाली येतो. मी पाहिलं आहे.

आणि "जप्त करू, जप्त करू" म्हणतात, तेव्हा काय जप्त होत नाही तेही ऐकून ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रिवाजाप्रमाणे बाईला जे अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, पोटापाण्याला लागणारी जनावरं आणि बियाणं. जमीन महसुलाप्रमाणे वसुली करतानाही या वस्तूंना हात लावायचा नाही. शिवणकामावर पोट असेल तर शिवणयंत्र हे कारागिराचं अवजार आहे, असं ठामपणे मांडता येतं. त्याच यादीत शेतकरी, मजूर आणि घरकाम करणाऱ्यांचं राहतं घरही आहे. घरपट्टीच्या बाकीला ते कितपत लागू होईल हा वाद आहे. पण वाद आहे म्हणूनच तो वकिलानं मांडायचा, आपण आधीच हार मानायची नाही.

पोलीस येतील का? घरपट्टी थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. आणि त्याच संहितेचं कलम ५६ सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी बाईला अटक करता येत नाही. माझ्याकडे आलेल्या त्या बाईला मी हे एक वाक्य सांगितलं असतं, तरी ती सावकाराच्या पायरीवर गेली नसती.

रकमेचा हिशेब मागा

नोटिशीत एक गोल रक्कम असते. तिच्या पोटात काय आहे? किती वर्षांची घरपट्टी, किती पाणीपट्टी, किती दिवाबत्ती, किती दंड? वर्षवार तपशील लेखी मागायचा. ग्रामपंचायतीत नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना नऊ म्हणजे मागणीची, आणि पैसे भरल्यावर नमुना दहाची पावती. ही तीन नावं बोटावर मोजून पाठ करा. उतारा देत नाहीत? माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाका.

तपशील हातात आला की चुका दिसतात. नळच नाही आणि पाणीपट्टी लावलेली. मातीचं घर आणि आकारणी पक्क्या घराची. पडून गेलेल्या खोलीचाही कर. भरलेल्या पावत्या जमा न झालेल्या. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचे नियम १९६० चे आहेत. ३१ डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीनं आकारणी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर आली. म्हणजे घर कशाचं आहे, किती जुनं आहे, याचा हिशेब त्यात आला. जुनं मातीचं घर असलेल्या बाईनं तो नक्की तपासावा.

आकारणीच चुकली असेल तर ग्रामपंचायतीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं, त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. नगरपंचायतीतही हरकत आणि अपील आहे. पण अपिलाला मुदत असते. ती गेली की खरं बोलणंही कुणी ऐकत नाही. म्हणून कागद आला त्या आठवड्यातच उठायचं.

आणि दुसऱ्या करांचंही तेच. 'हा मला लागू आहे का?' हा प्रश्न पहिला. व्यवसाय कराचंच पाहा: महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो १ एप्रिल २०२३ पासून माफ आहे. संस्थेत, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी पगाराची चिठ्ठी उघडून तेवढं बघावं.

वकील कुठे मिळतो?

आता मुख्य गोष्ट. तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं खरं, पण अर्ज कोण लिहील? अपील कोण करील? वकील तर आधी फी मागतो.

गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये, म्हणून सरकारनं मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं आपल्या घटनेत कलम ३९-अ आहे. ते १९७६ मध्ये आलं. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ मध्ये, आणि तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडलं. त्याच्या कलम १२ मध्ये ही मदत कुणाला मिळते याची यादी आहे. अनुसूचित जाती, जमाती, अपंग, कामगार, आपत्तीत सापडलेले, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले. आणि त्या यादीत एक शब्द आहे: स्त्री. तिच्यापुढे काहीही लिहिलेलं नाही. गरीब स्त्री नाही, विधवा स्त्री नाही, नवऱ्यानं टाकलेली नाही. फक्त स्त्री. म्हणजे आपल्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तहसीलच्या खेपा नाहीत. नवऱ्याचा पगार किती हा प्रश्नच नाही. कुणी दाखला मागितला तर शांतपणे म्हणायचं, कलम १२ मध्ये स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

ही मदत द्यायला तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. तिचे अध्यक्ष तालुक्याच्या न्यायालयातले ज्येष्ठ न्यायाधीशच असतात. तिथे काम झालं नाही तर वर्ध्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन करायचा तर १५१००. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेतात, आणि त्यासाठी विधी स्वयंसेवकही नेमलेले असतात. वकिलाची फी, कोर्ट फी, कागदपत्रांचा खर्च समिती करते.

आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. पुष्कळजणी समजतात, कोर्टात केस असेल तरच हा वकील. तसं नाही. कायद्यानं 'विधी सेवा' याची व्याख्या केली आहे. तिच्यात न्यायालयासमोरचं काम येतं, इतर प्राधिकरणासमोरचं येतं, आणि नुसता सल्लाही येतो. म्हणजे पंचायत समितीतल्या अपिलाला वकील मागता येतो, आणि 'हा कागद काय म्हणतो ते सांगा' एवढ्यासाठीही जाता येतं.

'फुकटचा वकील काय कामाचा?' असं गावात म्हणतात. काही वकील टाळाटाळ करतात, तारखेला येत नाहीत, हेही मी पाहिलं आहे. पण तो उपकार म्हणून आलेला नसतो. त्याला समितीकडून मेहनताना मिळतो. वर पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, समितीला लेखी कळवायचं. लक्ष देत नसेल तर वकील बदलून मागायचा. धर्मादाय दवाखान्यात गेल्यासारखं खाली मान घालून जायचं नाही. दुकानातून आपलं रेशन आणतो तसं जायचं.

जाताना काय न्यायचं? नोटीस, तिच्या पाकिटासकट, कारण पाकिटावरच्या शिक्क्यावरून ती कधी मिळाली ते कळतं. जुन्या पावत्या. नमुना आठचा उतारा. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. आणि एक मैत्रीण. एकट्या बाईला खिडकीवरचा माणूस "साहेब नाहीत" म्हणतो; दोघी गेल्या तर साहेब असतात.

लोक अदालत म्हणजे वॉरंट नव्हे

त्या बाईच्या हातातली नोटीस लोक अदालतीची होती. हल्ली घरपट्टी-पाणीपट्टीच्या बाक्या मोठ्या संख्येनं लोक अदालतीत ठेवतात. 'वादपूर्व' म्हणजे केस अजून झालेलीच नाही. त्याआधी दोन्ही बाजूंनी बसून मिटवता येतं का, एवढंच पाहायचं. 'अदालत' शब्द वाचून छातीत धस्स होतं, पण ते बोलावणं आहे, शिक्षा नाही.

लोक अदालत निवाडा लादू शकत नाही. तिथे तडजोड होते, ती दोघांच्या संमतीनं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. तुम्ही 'मला हे मान्य नाही' म्हटलंत तर लोक अदालत तुमच्यावर काही बसवू शकत नाही. पण जायचं मात्र. तिथे हप्ते मागता येतात, चुकीची रक्कम कमी करून मागता येते, दंडात सूट मागता येते.

आणि सही जपून. तिथली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून आधी वकिलाला दाखवा, मग वाचून घ्या, मग सही. अंगठा असेल तर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय उठवायचा नाही. गर्दी आहे, उशीर होतोय, "बाई, लवकर करा" म्हणतील. म्हणू देत.

दाखला अडवला तर, आणि उमेदवारी

बाकीचा आणखी एक उपयोग होतो, तो म्हणजे अडवणूक. एका ठिकाणी बाईला सांगितलं, "आधी घरपट्टी भर, मग नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला." आता त्या दाखल्याशिवाय निराधार योजनेचा अर्ज नाही, बँकेतले पैसे नाहीत, फेरफार नाही. म्हणजे जिच्याकडे पैसे नाहीत तिचे पैसे येण्याची वाटच बंद करायची, आणि पैसे मागायचे! जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या स्वतंत्र कायद्यानं होते. तिचा घरपट्टीशी काही संबंध नाही. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार असेल तर तोही लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा दाखलाच मिळतो.

आणि ज्या मैत्रिणी पंचायतीला उभं राहायचं म्हणतात त्यांनी हे कान देऊन ऐका. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यपद जातं, उमेदवारीही जाते. आणि एकत्र हिंदू कुटुंबात एकानं थकवलं तर त्या कुटुंबातले सगळे अपात्र! म्हणजे घर सासऱ्याच्या नावावर, वसुलीचा कागद दिराच्या खिशात, आणि सरपंचपद गेलं सुनेचं. विरोधी गटाचे लोक हा कागद बरोबर वेळेवर शोधून काढतात. म्हणून निवडून आलेल्या प्रत्येक बाईनं दर वर्षी घरच्या बाकीची चौकशी स्वतः करायची. नवऱ्यानं "भरलं आहे" म्हटलं तर पावती पाहायची. यात संशय नाही, शहाणपण आहे.

मग आपण काय करायचं?

गटाच्या बैठकीत आपण बचतीचा हिशेब करतो. त्यातली दहा मिनिटं कागदांना द्या. प्रत्येकीची एक पिशवी: घरपट्टीच्या पावत्या, नमुना आठ, नोटिसा. पावतीशिवाय एक रुपयाही नाही, हा गटाचा ठराव करा. वसुलीच्या माणसालाही कळू द्या. कुणाला नोटीस आली तर दोघींनी तिच्याबरोबर समितीकडे जायचं, ही पाळी लावून घ्या.

आणि मुळाला हात घाला. घर दोघांच्या नावावर करा. २००३ मध्ये सरकारनं 'घर दोघांचे' म्हणून निर्णय काढला: ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं. इतकी वर्षं झाली, या खोलीतल्या किती जणींचं नाव लागलं आहे? हात वर करा बरं. ... पाहा. नमुना आठवरचं नाव म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे खरं. पण नाव असलं की नोटीस आपल्याला येते, हिशेब मागायचा हक्क कुणी नाकारत नाही आणि घराबाहेर काढताना चारदा विचार करावा लागतो. देणं तर आपण नाव नसतानाही देतोच आहोत. मग नाव का नको?

शेवटी त्या बाईचं सांगते. दुसऱ्या मागणीनंतर ती पुन्हा आली, तेव्हा मी तिच्याबरोबर विधी सेवा समितीत गेले. एक तरुण वकीलबाई मिळाली. तिनं वर्षवार हिशेब मागवला. घरी पेटीच्या तळाशी नवऱ्यानं जपून ठेवलेल्या दोन पावत्या निघाल्या. त्या वर्षांचा कर पुन्हा लावलेला होता. नळ कधीच नव्हता, पाणीपट्टी होती. रक्कम बरीच खाली आली आणि उरलेल्याचे हप्ते लोक अदालतीत ठरले. पावतीशिवाय दिलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. त्यांचा पुरावा नव्हता. डोरलं सोडवायला तिला पुढचा सगळा हंगाम लागला.

शेवटचा हप्ता भरून ती आली तेव्हा पावती माझ्यापुढे धरून म्हणाली, "वाचा बरं ताई, माह्यं नाव बराबर लिवलं का?" नोंदवहीत तिचं नाव लागलं होतं. मी ते वाचलं. या वेळी नीट वाचलं.

तुम्हीही घरी गेल्यावर आज ती पेटी उघडा.